विधीच्या मुलांना माध्यमसाक्षरता शिकवायची तर पुराव्याच्या कायद्यापासून सुरुवात करा

प्रश्न परभणी भागातल्या एका प्राध्यापिकेचा आहे. त्या विधी महाविद्यालयात नव्याने रुजू झाल्या आहेत. तीन आणि पाच वर्षांच्या दोन्ही अभ्यासक्रमांच्या मुलांना माध्यमसाक्षरता शिकवा, असं प्राचार्यांनी त्यांना सांगितलं आहे. बरीच मुलं खेड्यांतून येतात, मराठी माध्यमातून शिकलेली असतात आणि त्यांच्याकडे बातम्या व्हॉट्सअॅप आणि यूट्यूबवरून येतात. एखादं व्याख्यान ठेवावं की वेगळं काही करावं, नेमकं काय शिकवावं आणि परीक्षा कशी घ्यावी, असं त्यांनी विचारलं आहे. मी औरंगाबाद खंडपीठात वकिली करतो आणि बऱ्याच वर्षांपासून मराठवाड्यातल्या विधी महाविद्यालयांत अभ्यागत म्हणून शिकवतो. त्या अनुभवावरून लिहितो.

मॅडम, एका व्याख्यानावर हा विषय उरकू नका. २०१९च्या लोकसभा निवडणुकीच्या सुमारास बिहारमध्ये एक प्रयोग झाला. संशोधकांनी लोकांना प्रत्यक्ष भेटून तासाभर खोट्या बातम्या ओळखायला शिकवलं. नंतर तपासलं तेव्हा एकंदरीत काहीच फरक दिसला नाही. उलट काही लोक आपल्या पक्षाला सोयीची खोटी बातमी ओळखण्यात आणखी कमी पडले. पुढे बिहारमध्येच शाळकरी मुलांना अनेक आठवडे वर्गात बसवून हेच शिकवलं, तेव्हा मात्र फरक पडला आणि तो टिकलाही. म्हणून पाहुणा, हारतुरे आणि आभारप्रदर्शन असा कार्यक्रम करण्यापेक्षा सत्रभर दर आठवड्याला थोडा वेळ काढा. त्यासाठी नवा पेपर लागत नाही. पुराव्याचा कायदा, अभिरूप न्यायालय (लुटूपुटूचा खटला चालवण्याचा सराव) आणि व्यावसायिक नीतिमत्ता हे विषय तुमच्याकडे आहेतच. त्यांच्यात हे सहज बसतं.

माझं मुख्य सांगणं एकच आहे. मुलांना शंका घ्यायला शिकवू नका, मूळ कागदापर्यंत जायला शिकवा. नुसती शंका शिकवली की मूल महिन्याभरात ‘सगळंच खोटं असतं, कुणाचंच खरं मानायचं नाही’ या टोकाला जातं, आणि वकिलाच्या धंद्यात याहून घातक सवय नाही. रॉबर्ट चेस्नी आणि डॅनियल सिट्रॉन या अमेरिकेतल्या कायद्याच्या प्राध्यापकांनी यातला धोका नेमका पकडला आहे. बनावट व्हिडिओ करता येतात हे सगळ्यांना माहीत झालं की खऱ्या व्हिडिओत पकडला गेलेला माणूसही ‘हे बनावट आहे’ म्हणून सुटायला बघतो. न्यायालय आंधळा विश्वास ठेवत नाही आणि सरसकट अविश्वासही दाखवत नाही. हे कुठून आलं, कुणी केलं, कुणाच्या ताब्यात होतं आणि शपथेवर कोण सांगणार, एवढं ते विचारतं. आपल्या मुलांना हीच चौकशी अंगवळणी पडायला हवी.

विधीच्या मुलांची तयारी यात इतरांपेक्षा जास्त असते. भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ५५ त्यांनी वाचलेलं असतं. तोंडी पुरावा थेट असला पाहिजे, म्हणजे ज्याने पाहिलं त्यानेच सांगावं. वृत्तपत्रातली बातमी हा ऐकीव पुरावा आहे, बातमी छापून आली एवढ्याने त्यातला मजकूर सिद्ध होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली लक्ष्मी राज शेट्टी प्रकरणात सांगितलं. मुलं हे परीक्षेत व्यवस्थित लिहितात, पण हातातल्या मोबाइलला लावत नाहीत. तेवढी जोडणी करून देणं हे आपलं काम.

ती जोडणी करायला मराठवाड्यातल्या शिक्षकाला दूर जावं लागत नाही. इलेक्ट्रॉनिक पुराव्यावरचा देशातला सगळ्यात महत्त्वाचा निकाल जालन्याचा आहे : अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलाश कुशनराव गोरंट्याल, १४ जुलै २०२०. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात २९६ मतांचा फरक होता. हरलेल्या उमेदवाराचं म्हणणं असं, की विजयी उमेदवाराचे उमेदवारी अर्ज शेवटच्या दिवशी दुपारी तीनची मुदत उलटून गेल्यावर दाखल झाले. हे दाखवायला निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या दालनातलं चित्रीकरण होतं. त्याच्या सीडी न्यायालयात आल्या, पण सोबत जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५-ब चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक प्रत कोणत्या उपकरणातून कशी काढली हे सांगणारं, प्रमाणपत्र नव्हतं. अधिकाऱ्यांकडे पुन्हा पुन्हा मागूनही ते मिळालं नव्हतं. खंडपीठाने अधिकाऱ्याच्या उलटतपासणीतली उत्तरं पुरेशी मानली आणि निवडणूक रद्दबातल ठरवली. सर्वोच्च न्यायालयाने तो निष्कर्ष कायम ठेवला, पण कायदा काटेकोर सांगितला. मूळ उपकरणच न्यायालयात आणून त्याच्या मालकाने साक्ष दिली तर गोष्ट वेगळी, एरवी प्रत घेऊन येणाऱ्याला प्रमाणपत्र द्यावंच लागेल. तोंडी साक्ष त्याची जागा घेऊ शकत नाही. या प्रकरणात मात्र मागणाऱ्याने शक्य ते सगळं केलं होतं आणि प्रमाणपत्र देणं त्याच्या हातात नव्हतं, म्हणून त्याला सूट मिळाली.

हा निकाल शिकवून झाला की त्याच तासाला मुलांना सांगा : आज तुमच्या ग्रुपवर आलेला एक व्हिडिओ निवडा आणि तो न्यायालयात दाखल करायचा आहे असं समजा. कोणत्या फोनवर काढला? तो फोन कुणाचा? तुमच्यापर्यंत किती हातांतून आला? प्रमाणपत्रावर सही कोण करणार? वर्ग शांत होतो. बहुतेकांना आपल्याकडे व्हिडिओ कुणी पाठवला यापलीकडे काही सांगता येत नाही. हा तास मुलं विसरत नाहीत.

पुढच्या तासाला एक प्रात्यक्षिक घ्या. १ जुलै २०२४पासून जुन्या कायद्याच्या जागी लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइलवरून गणिताने निघणारा आणि फाइल जराशी बदलली तरी बदलणारा अक्षर-आकड्यांचा ठसा, लिहावं लागतं. मुलांना तो शब्द क्लिष्ट वाटतो, म्हणून करूनच दाखवा. एका मुलाला वर्गातल्या फळ्याचा फोटो काढायला सांगा. तो केबलने संगणकावर घेऊन एसएचए-२५६ पद्धतीने हॅश काढा आणि पहिली आठ अक्षरं फळ्यावर लिहा. मग तोच फोटो व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा पाठवा, समोरच्याने उतरवून घेतलेल्या फाइलचा हॅश काढा आणि शेजारी लिहा. दोन्ही वेगळे येतात. डोळ्यांना फोटो तोच दिसतो, पण पाठवताना व्हॉट्सअॅपने तो दाबून लहान केलेला असतो आणि कधी, कोणत्या कॅमेऱ्याने काढला याची आतली नोंदही गेलेली असते. आता तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. हॅश पहिल्याशी तंतोतंत जुळतो. अॅन्ड्रॉइड फोनवर व्हॉट्सअॅपने आलेल्या फोटोच्या फाइलच्या नावात जी तारीख असते, तीही याच वेळी दाखवा. मुलं तिला घटनेची तारीख समजतात. फोटो कधी काढला हे त्या तारखेवरून कळत नाही, जुना फोटो आज आला तरी नावात आजचीच तारीख पडते. उद्या पक्षकार पुरावा घेऊन येईल तेव्हा ‘फॉरवर्ड करू नका, फोन घेऊन या’ असं सांगणारा वकील याच तासाला तयार होतो.

आता न्यायालयाच्या बातम्या. सर्वसाधारण माध्यमसाक्षरतेच्या पुस्तकांत यावर फारसं काही नसतं आणि विधीच्या मुलांना सर्वाधिक गरज याचीच असते. गावात, नातेवाइकांत कायद्याचं काही निघालं की लोक या मुलांना विचारतात. त्यांनी बातमीच्या मथळ्यावरून उत्तर दिलं तर चूक गावभर पसरते.

वर्गात तीन-चार गोष्टी नीट वेगळ्या करून दाखवा. पहिली, नोटीस. न्यायालयाने सरकारला नोटीस काढली एवढ्यावर ‘सरकारला दणका’ असा मथळा येतो. नोटीस म्हणजे समोरच्याला ‘तुझं म्हणणं मांड’ एवढंच सांगणं. दुसरी, सुनावणीत न्यायमूर्ती तोंडी बोलतात ते. एप्रिल २०२१मध्ये मद्रास उच्च न्यायालयात कोरोनाच्या संदर्भात निवडणूक आयोगाबद्दल फार कडक तोंडी शेरे मारले गेले आणि देशभर छापून आले. आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला. ६ मे २०२१च्या निकालात न्यायालयाने दोन्ही गोष्टी सांगितल्या : तोंडी शेरे हा न्यायालयीन अभिलेखाचा भाग नाही, आणि सुनावणीचं वार्तांकन करण्यापासून माध्यमांना रोखता येणार नाही. म्हणजे बातमी खरी असू शकते आणि तरीही तसा आदेश झालेला नसतो. हे एकदा उमजलं की मुलं ‘कोर्ट म्हणालं’ वाचल्यावर लगेच ‘आदेशात आहे का?’ असं विचारतात. तिसरी, विशेष अनुमती याचिका, म्हणजे सर्वोच्च न्यायालयात अपील करायची परवानगी मागणारा अर्ज, सुरुवातीलाच फेटाळली जाणं. ‘सर्वोच्च न्यायालयाचंही शिक्कामोर्तब’ असं छापून येतं, पण कारणं न देता अनुमती नाकारली तर उच्च न्यायालयाच्या निकालातला कायदा सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला असा अर्थ निघत नाही. कुन्हयाम्मद विरुद्ध केरळ राज्य हा २००० सालचा निकाल त्यासाठी वाचायला द्या. चौथी गोष्ट रोज पेपरात दिसते : ‘आरोपीची पोलिसांसमोर कबुली’. साक्ष अधिनियमाच्या कलम २३प्रमाणे पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध सिद्धच करता येत नाही. तिच्यामुळे एखादी वस्तू हाती लागली तर त्या शोधाशी निगडित तेवढाच भाग चालतो. मुलांना हे पाठ असतं, तरी बातमी वाचून माणूस दोषी ठरवताना आठवत नाही. अशी बातमी फळ्यावर लावा आणि तिच्यातली कोणती वाक्यं न्यायालयात टिकतील ते एकेक करून खुणा करायला सांगा.

आपल्या खंडपीठाचं एक उदाहरण मी नेहमी वापरतो. टाळेबंदीच्या काळात तबलिगी जमातच्या परदेशी सदस्यांवर अहमदनगर जिल्ह्यात गुन्हे दाखल झाले होते. २१ ऑगस्ट २०२० रोजी औरंगाबाद खंडपीठाने ते रद्द केले. दिल्लीच्या मरकजला आलेल्या परदेशी लोकांविरुद्ध वृत्तपत्रांतून आणि वाहिन्यांवरून मोठा अपप्रचार झाला, असंही त्या निकालात आहे. बातम्या आल्या त्या ‘उच्च न्यायालयाने माध्यमांना फटकारलं’ अशा. पण पीठातल्या दुसऱ्या न्यायमूर्तींनी गुन्हे रद्द करण्याला सहमती देताना निकालातल्या काही निरीक्षणांशी आपण सहमत नाही, हे स्वतंत्रपणे नोंदवलं. वर्गात या प्रकरणावर दोन तट पडतात. म्हणूनच ते घ्यायचं. एकाही गटाला मत विचारू नका. दोघांनाही एकच काम द्या : न्यायालयाचा अंतिम आदेश कोणता, एका न्यायमूर्तींचं निरीक्षण कोणतं आणि दुसऱ्यांचं वेगळं मत कुठे नोंदलं आहे, हे मूळ निकाल समोर ठेवून शोधा. वाचून होईपर्यंत आवाज खाली येतात.

मूळ निकाल मिळवायचा कसा, हे गृहीत धरू नका, शिकवा. बातमीत पक्षकारांची नावं आणि तारीख असली तर ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर शोधता येतं. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक असतो, आणि आपल्या जिल्हा न्यायालयांचा ‘एमएच’ने सुरू होतो. खंडपीठाच्या अलीकडच्या निकालांवर वर्ष, मग ‘बीएचसी-एयूजी’ आणि पुढे आकडा असा तटस्थ उद्धरण क्रमांक, म्हणजे न्यायालयाने स्वतःच त्या निकालाला दिलेला ओळखक्रमांक, असतो. इंग्रजीची धास्ती असलेल्या मुलांना पन्नास पानं वाचायला लावू नका. शेवटचं पान आधी, म्हणजे आदेश काय झाला ते. मग पहिलं पान, म्हणजे वाद काय होता. मधलं लागेल तसं. खालच्या न्यायालयांचे बरेच निकाल मराठीत असतात, सुरुवात तिथूनच करा.

शासन निर्णयांचंही तसंच. पीकविमा, अतिवृष्टीचं अनुदान, आरक्षण, जातीचे दाखले, यातल्या प्रत्येक विषयावर आपल्याकडे जीआरचे फोटो फिरत असतात. अनेकदा मधलंच एखादं पान असतं, वरचं आणि शेवटचं नसतं. मी मुलांना पहिल्यांदा शेवटचं पान मागायला सांगतो. ‘सदर शासन निर्णय महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध करण्यात आला असून त्याचा संकेतांक असा आहे’ हे वाक्य, तो लांबलचक आकडा आणि खाली डिजिटल स्वाक्षरी तिथे असते. तो आकडा संकेतस्थळावर टाकायचा आणि निघालेला कागद हातातल्या फोटोशी ओळीओळीने ताडून बघायचा. शिवाय तो जुना तर नाही ना आणि नंतर शुद्धिपत्रक निघालं का किंवा नव्या निर्णयाने त्याचं अधिक्रमण झालं का, हेही बघायचं, कारण अस्सल पण रद्द झालेला जीआर नकली जीआरइतकाच नुकसान करतो. हातातल्या मजकुराकडे टक लावून बसण्यापेक्षा आधी बाहेर पडून इतरत्र पडताळायचं, ही पद्धत स्टॅनफर्डच्या संशोधकांनाही सरस दिसली. त्यांनी इतिहासाचे प्राध्यापक, विद्यार्थी आणि बातम्या तपासणारे व्यावसायिक यांना अनोळखी संकेतस्थळं दाखवली. व्यावसायिक लगेच दुसऱ्या टॅबमध्ये जाऊन त्या संकेतस्थळामागे कोण आहे हे शोधत होते. देखणी मांडणी पाहून फसण्याचं प्रमाण प्राध्यापकांत आणि विद्यार्थ्यांत जास्त होतं.

अभिरूप न्यायालयाच्या पेपरात मुलांना एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला प्रत्यक्ष पाहून त्याची नोंद ठेवावी लागते. या नोंदवहीचा उपयोग बहुतेक ठिकाणी करून घेतला जात नाही. मुलं एकमेकांची उतरवून काढतात. तुम्ही तिला एक पान जोडा. स्थानिक पेपरात किंवा पोर्टलवर ज्याची बातमी येण्याची शक्यता आहे असा खटला मुलांनी निवडावा, सरतपासणी आणि उलटतपासणी बसून ऐकावी, दुसऱ्या दिवशीची बातमी कापून चिकटवावी आणि शक्य असेल तिथे रोजनामा, म्हणजे न्यायालयाने त्या दिवसाच्या कामकाजाची ठेवलेली नोंद, पाहावा. मग तीन रकाने : मी काय ऐकलं, पेपरात काय आलं, रोजनाम्यात काय आहे. फरक दिसला की ‘पेपरवाले खोटारडे’ एवढंच लिहून मुलं थांबतात. तिथे थांबू देऊ नका. बातमीदाराला दोनशे शब्दांत लिहायचं होतं, तो कदाचित एकाच बाजूच्या वकिलाशी बोलला असेल, नावं मुद्दाम गाळली असतील. स्थानिक बातमीदार बोलावता आला तर अवश्य बोलावा. तालुक्याच्या ठिकाणी एक माणूस न्यायालय, पोलीस ठाणं आणि बाजार समिती एकट्याने कसा सांभाळतो हे ऐकलं की मुलांचा वृत्तपत्राबद्दलचा आदर वाढतो आणि वाचनही डोळस होतं.

नावं गाळण्यावरून आठवलं. विधीच्या विद्यार्थ्यांना जबाबदारीचाही धडा हवा. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, आणि बालकांच्या बाबतीत पॉक्सो या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याचं कलम २३ आहे. न्यायाच्या तळमळीने मुलंच पीडितेचा फोटो ‘श्रद्धांजली’ म्हणून स्टेटसला ठेवतात. हे पहिल्याच आठवड्यात स्पष्ट सांगा, सत्राच्या शेवटी नको. अफवांच्या बाबतीत न्याय संहितेचं कलम ३५३ शिकवा, पण त्याच्या जोडीला ऑनलाइन मजकुरावरून अटक करायला वापरलं जाणारं कलम ६६-अ रद्द करणारा श्रेया सिंघलचा २०१५चा निकालही घ्या, नाहीतर ‘चुकीचं लिहिलं की अटक’ एवढंच मुलांच्या डोक्यात राहतं.

अफवेची किंमत काय, हे सांगायला राईनपाडा पुरेसं आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातल्या या गावात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून जगणारे लोक होते. त्या काळात देशभर फिरणाऱ्या व्हिडिओंत कराचीतल्या जनजागृतीच्या एका चित्रफितीचा तुकडा होता. शेवटचा संदेश कापून टाकला होता, म्हणून ते खरंखुरं अपहरण वाटत होतं. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने तहसीन पूनावाला प्रकरणात झुंडबळींविषयी निर्देश दिले. हा तास भटक्या-विमुक्त समाजातली मुलं वर्गात आहेत हे लक्षात ठेवून घ्या. व्हिडिओ दाखवू नका, घटनाक्रम सांगणं पुरतं.

वर्गातल्या जातीय आणि राजकीय तणावाची तुम्हाला काळजी वाटत असणार. आपल्या भागात आरक्षणाच्या प्रश्नावर मुलं पोटतिडकीने बोलतात, त्यांच्या घरांतली माणसं आंदोलनात असतात. तो विषय टाळू नका, फक्त एक नियम करा : प्रत्येकाने आपल्याच बाजूने आलेला, आपल्याला पटलेला मेसेज तपासायला आणायचा. दुसऱ्याचं खोटं शोधायला कुणालाही आवडतं, त्यातून काही शिकणं होत नाही. पहिले काही आठवडे मात्र पीकविमा, भरतीच्या जाहिराती, शिष्यवृत्तीचे अर्ज अशा विषयांवर हात बसू द्या. मुलांना पद्धतीवर भरवसा वाटू लागला की अवघड विषयही झेपतात.

एआयबद्दल जास्त लांबवत नाही. अमेरिकेत २०२३ साली माटा विरुद्ध अॅव्हिॲन्का या दाव्यात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल न्यायालयात दाखल केले आणि पाच हजार डॉलर दंड भरला. तो आदेश व्यावसायिक नीतिमत्तेच्या तासाला घ्या. मुलांनी अभिरूप न्यायालयाच्या लेखी युक्तिवादात दिलेल्या प्रत्येक निकालाचं पहिलं पान जोडलंच पाहिजे, असा दंडक ठेवा.

आता परीक्षा. ‘माध्यमसाक्षरता म्हणजे काय, तिचे फायदे लिहा’ असा प्रश्न काढलात तर मुलं गाईडमधून उत्तर लिहितील. त्याऐवजी प्रत्येकाला वेगळा मेसेज, बातमी किंवा जीआरचा फोटो द्या आणि आठवडाभराची मुदत द्या. मुलाने काय शोधलं, कुठे शोधलं, कोणता मूळ कागद मिळाला आणि कोणता नाही, हे क्रमाने लिहायचं. तोंडी परीक्षेत त्याच्या नोंदीवर उलटतपासणी घ्या, वर्गमित्रांनाही घेऊ द्या. गुण निष्कर्षाला कमी आणि मार्गाला जास्त ठेवा. दिलेल्या मेसेजपैकी एक-दोन असे ठेवा, ज्यांचा छडा आठवड्यात लागणारच नाही. ज्या मुलाने प्रामाणिकपणे ‘एवढ्या पुराव्यावर ठरवता येत नाही, ठरवायला अमुक कागद हवा आणि तो अमुक कार्यालयात नक्कल अर्ज करून मिळेल’ असं लिहिलं, त्याला पूर्ण गुण द्या.